पहारेकरी, एक

अर्जाच्या सातव्या पानावर मी आहे.
नमुना ड, रकाना एकोणीस:
पहारेकरी. संख्या, एक.
नावाला जागा नव्हती, म्हणून न्यिरोंगोबाईंनी
समासात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, झोंडिवे कुमवेंडा.
मग दांडी दिली, शिट्टी दिली, फाटकाची किल्ली दिली.
फाटक बसायचं होतं अजून.

कॉलेज म्हणजे तंबाखूचं जुनं गोदाम,
रुम्फी सोडून उत्तरेला निघालं की डाव्या हाताला.
भिंतींना तीनदा चुना झाला,
तरी उन्हं चढली की वर्गात तंबाखू घमघमतो
आणि रिकाम्या बाकांसमोर फळ्यावर
‘बालमानसशास्त्र’ लिहिता लिहिता
बाई शिंकतात.

विद्यार्थी नाहीत. शिक्षक नाहीत.
संडास मात्र चौदा,
बायकांचे आठ, पुरुषांचे सहा,
सगळ्यांना कोऱ्या करकरीत कड्या.
ग्रंथालयात पाचशे पुस्तकं हवीत, आहेत चारशे ब्याण्णव,
त्यातली साठ एकट्या कोंबडीपालनाची.

पहिल्या वर्षी बाई लिलाँग्वेला नऊ वेळा गेल्या.
रात्रीची बस, मांडीवर फाइल,
फाइलीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
टेकडीवरच्या मंत्रालयात साहेब कधी बैठकीत,
कधी मयताला, कधी बदली होऊन गेलेले.
नव्या साहेबांनी विचारलं, जागेचा दाखला कुठाय?
तो जुन्यांनी ठेवून घेतला होता.
एकदा एक कारकून म्हणाला, बाई, घसा फार कोरडा पडलाय.
बाईंनी त्याला खरोखरच फँटा आणून दिला.
फाइल आणखी पाच महिने निजली.

ऑक्टोबरात तपासणी आली.
तिघं जण, एक मापाची फीत.
खिडक्या मोजल्या. दारूच्या गुत्त्यापासूनचं अंतर मोजलं,
मोजता मोजता एक जण तिकडेच राहिला.
दुसऱ्याने मला विचारलं, शिक्षण किती?
म्हणालो, पहाऱ्यापुरतं.

एकोणीस वर्षं मी चौथीचा वर्ग शिकवला.
हंगामी, दर जानेवारीला नवा कागद.
मग फतवा निघाला,
प्रमाणपत्र नसेल त्याने खडू खाली ठेवावा.
ठेवला.
एक तुकडा खिशात राहिला होता, तो धुण्यात विरघळला.
प्रमाणपत्राचं कॉलेज दिवसभराच्या वाटेवर
आणि वयाची अट पस्तीस.
ह्या कॉलेजालाही तीच अट आहे. रकाना बावीस.
तो भरताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही तेव्हा बिजागरीला तेल घालत होतो.

काल पत्र आलं. जांभळा शिक्का.
तत्त्वतः हरकत नाही.
तत्त्वतः हा शब्द बाईंनी दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा चष्मा पुसून.
आठ पुस्तकं कमी. सरावशाळेचं संमतीपत्र हवं.
आणि तोवर आवारात कोणत्याही प्रकारचं
अध्यापन होता कामा नये, झाल्यास अर्ज रद्द.
बाई म्हणाल्या, झोंडिवे, ह्यावर लक्ष तुझं.
तर आता मी चोरांवर नाही,
शिकवण्यावर पहारा करतो.

संध्याकाळी हापशावरून पोरं येतात.
सुझ्गो, पुढचा दात पडलेली, डोक्यावर बादली,
कुंपणातून विचारते,
साडेतीनला पावाने भागलं तर उत्तर वाढतं कसं?
भागल्यावर कमी व्हायला नको?
मी शिट्टी तोंडात धरतो.
मग शिट्टी काढतो.
आवारात, असं लिहिलंय. आवारात.
फाटकापासून रस्ता सहा पावलं.

कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो,
बाहेर उकिडवा बसून दांडीने धुळीत
तीन संत्री काढतो आणि एक अर्धं.
आता प्रत्येकाच्या चार फोडी कर, मोज.
ती बादली न उतरवता मोजते. पाणी सांडतं.
चौदा!
चौदा, मी म्हणतो,
आणि मला उगाच ती दारं आठवून हसू येतं.
ती विचारते, का हसता, सर?
सर म्हणू नकोस, असं मी म्हणणार,
तेवढ्यात म्झुझूकडे जाणारा ट्रक
आमचा फळा पुसत निघून जातो.