नाणी घेतली जात नाहीत

काउंटरवर पाटी आहे : नाणी घेतली जात नाहीत.
अक्षर माझं. 'नाहीत'मधला त कोपऱ्यात चेंगरलाय.

सात दहाची दोडामार्ग–म्हापसा, बहुतेक उभ्यानेच.
नऊला शटर वर, सव्वानऊला फळ्यावर भाव :
डॉलर, पौंड, युरो, दिराम,
आणि कुणी कधी न विचारलेला स्विस फ्रँक.
नऊ देशांच्या नोटा मी डोळे मिटून ओळखते.
सीमा ओलांडते ती एकच, रोज दोनदा.
तिथल्या नाक्यावर बाटल्या शोधतात,
पैसे कुणी बदलून देत नाही.

एस्पेरान्साबाय आली ती मे महिन्यातल्या शुक्रवारी,
बाजाराच्या पिशवीत चोरिसांची माळ,
ब्लाउजमध्ये घामेजलेलं पाकीट. चाळीस हजार.
"स्विंडनाक वता गो. पोरागेर. सगळ्यांचे पौंड कर."

कुंकळ्येकरशेट जेवायला गेले होते.
शुक्रवारी त्यांना तिसऱ्यांची एकशिपी लागते,
आणि एकशिपी खायला माणसाला पाऊण तास लागतो.
तेवढा वेळ मी प्रामाणिक होते.

म्हटलं, बाय, सगळे नको.
शंभर पौंड घे, टॅक्सीपुरते, पहिल्या चहापुरते.
हा फळा बघ : घ्यायचा भाव एक, द्यायचा एक.
मधल्या फटीत आमचं दुकान आहे,
हा पंखा, माझा पगार, शेटची एकशिपी.
विमानतळावर फट याहून रुंद.
तिथे लिहिलेलं असतं, कमिशन शून्य.
शून्य पोकळ असतं, आत काहीही मावतं.

बाकीचे बँकेतच राहू देत.
परदेशात टक्के न कापणारं कार्ड आहे का, विचार. लाजू नको.
मशीनमधून काढशील तर एकदाच, घसघशीत.
चिमूट चिमूट काढलंस तर चिमटीगणिक दंड.

आणि हे नीट ऐक.
मशीन विचारेल, अगदी मायेनं विचारेल :
रुपयांत कापू, की पौंडांत?
परक्या भिंतीत आपला रुपया दिसला
की जीव भांड्यात पडेल तुझा.
तिथेच फसतात सगळे.
रुपया म्हणालीस तर त्याचा भाव ते ठरवणार.
तू पौंड म्हण.

"म्हणजे आपलं दिसलं की नको म्हणायचं?"
हो, म्हटलं. मशीनला फक्त.

पावतीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं : पौंड.
शेट आले, ढेकर देत. शंभर मोजून दिले.

चवथ झाल्यावर परतली. गुडघा धरून, वीतभर हसू घेऊन.
"दाबलं गो पौंड! मशीन म्हणतं, नक्की?
म्हटलं, नक्की रे बाबा."
वाचले त्यात नातवाला लाल बूट घेतले.
त्याला नाही आवडले.

मग काउंटरची काच उगाच पुसत राहिली.
"त्याला म्हटलं, पुता, हांगा यो, बस म्हज्यालागीं,
तर तो आईकडे बघतो, भाव विचारल्यासारखा.
सून सांगते त्याला. माझ्या पाच शब्दांचे दोन करून.
उरलेले तीन कोण कापतं, गो?"

शेट समोर होते. फळ्यावर पौंड चौदा पैशांनी चढला होता.
मी खडू शोधू लागले.

तिने रुमाल सोडला. आत नाणी.
माझं बोट पाटीकडे निघालं, अर्ध्यात थांबलं.
"बदलायला नाही. तुला."
एक उचललं. सात कोनांचं.
बाकीची तिने पुन्हा बांधली, गाठ दोनदा मारून.

सहा पाचच्या गाडीत जागा मिळाली.
नाक्यावर पोलिसानं पर्स उघडायला लावली,
डबा, छत्री, कंगवा, तळाशी ते.
"हे काय?"
सुट्टे, म्हटलं.