फुली

बटणसेल मेला की कॉम्प्युटर
आपल्या जन्माच्या आसपास कुठंतरी जाऊन बसतो.
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात,
मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याखाली,
हा काळ्या पडद्यावर सांगतोय :
आज एक जानेवारी दोन हजार दोन.
पुढं जायचं तर एफ-वन दाबा.

"रोज एफ-वनच दाबायलोय बगा," वल्लाल म्हणतात,
"पण पंचिंग मशीन ह्याला ओळखच दाखवंना."

मी बाजूचं झाकण काढते.
पंखा दिसतच नाही, त्याच्या जागी
पांढऱ्या तुसाची उशी,
उशीत एक निळा धागा.
कुठल्या ऑर्डरचा कोण जाणे,
ब्रशला दाद देईना,
चिमट्यानं काढला, काटा काढतात तसा.

झाकणाच्या आतून मार्करनं लिहिलेलं :
तेलुगूत दोन ओळी,
मग ३७८. मग ७.
आणि खाली, एकटीच, एक फुली.

तेलुगू मला चार शिव्या
आणि जेवलास का, एवढीच येते.
वल्लाल चष्मा कपाळावर सारून वाचतात :
"प्रिंटरचं भोक साधं ठेवा.
आवाज बंद ठेवा.
अंबय्याचं अक्षर. कुरापाटी. डिझाइन काढायचे.
मोर, कमळ, लॉजांची नावं.
गेले की, कोरोनात."
आणि फुली?
"ते काय माहीत नाही बगा."

मशीन सुरू होताना डिलीट दाबायचं.
नाव डिलीट, पण पुसत काहीच नाही,
उलट दार उघडतं,
तेही दीडच सेकंद. चुकलं तर परत पहिल्यापासून.
मग निळं पान, पिवळी अक्षरं,
माऊसला इथं कुणी विचारत नाही,
बाणांनी चालायचं, एकेक ओळ.

ऑनबोर्ड म्हणजे जे वेगळं विकत घेतलं नाही,
जे मदरबोर्डवरच डाग देऊन बसवून पाठवलंय.
आवाज, नेटवर्क, प्रिंटरचं पोर्ट.
उपटता येत नाही.
सांगता तेवढं येतं : तू आहेस.
किंवा : तू नाहीस.

पोर्ट सेलबरोबर सगळं विसरून
नव्या चालीवर जाऊन बसलं होतं.
त्याला साधं केलं. पत्ता ३७८. इंटरप्ट ७.
आवाज मात्र मी चालूच ठेवला.
वाटलं, मागांच्या खडखडाटात
म्हाताऱ्याला आणखी एक आवाज नको झाला असेल,
एवढंच कारण.

पंचिंग मशीन ढिम्म.

पाऊण तास केबली बदलल्या, घाम पुसला,
वल्लालांनी दोनदा ताक मागवलं.
मग लक्षात आलं : आवाज जागा असला
की सात नंबर तोच पळवतो.
अंबय्या, चुकले.
आवाजाला सांगितलं, तू नाहीस.

आता राहिली तारीख. ती तर कुणालाही जमते.
आजची घातली, एफ-टेन, होय.
डिझाइनचा प्रोग्राम उघडला आणि म्हणाला :
तुमची मुदत संपली आहे.

वल्लाल हसायला लागले, खोकला येईपर्यंत.
मी झाकण उजेडाकडं धरलं.
फुली कशावर होती ते
तेव्हा कळलं.

परत डिलीट. परत निळं पान.
वर्षं एकेक करून खाली आणली,
बटण दाबून ठेवलं तर भराभर जातात,
मधे कुठंतरी त्यांचं वर्षही गेलं,
बोट थांबलं नाही.
दोन हजार दोन.
मुदत दोन हजार पाच अखेरची.
चार वर्षं. नवा सेलही तेवढाच जगेल.

खट्. पहिलं कार्ड भोकं पाडून बाहेर आलं.
वल्लालांनी ते ट्यूबलाइटसमोर धरलं,
भोकांतून त्यांच्या सदऱ्यावर ठिपके पडले.
"मोरच हाय," म्हणाले. मला तर काही दिसेना.

झाकण लावण्याआधी मार्कर मागून घेतला,
त्यांच्या ओळींखाली मराठीत लिहिलं :
सेल बदलला, दिनांक
आणि पेन तिथंच राहिला.
कुठला दिनांक?
शेवटी फक्त फुली गिरवली, जरा ठळक.

बिलावर आजचीच तारीख घातली.
सेलचे चाळीस, मजुरी तीनशे.
वल्लालांनी तीनशेच दिले.