टिक्

घाटकोपरच्या पुलावर चढताना
घाडीगावकर एसी बंद करतो.
एक टिक्, आणि गाडी
पाठीवरचं पोतं उतरल्यासारखी पळते.

मागचा पॅसेंजर मोबाईलमधून
मान वर काढत नाही.
गारवा पुरतो उतार लागेपर्यंत,
मग पुन्हा टिक्.

दिवसाला असे तीस-चाळीस.

रात्री मानखुर्दला सीएनजीच्या रांगेत
तो वहीत मांडतो:
किलोमागे दीड किलोमीटर जास्त.
बायको फोनवर विचारते, आणि शर्ट?
घामाने रोज दोन धुवायचे, तो साबण
कुठल्या पानावर लिहितोस?

तो हसतो. चारही काचा खाली घेतो.
खाडीवरचा वारा, चिखलाच्या वासाचा,
आत शिरतो,
मागच्या सीटवर बसतो ऐसपैस,
कुठे जायचं ते न सांगता.