पेराद

हळदोण्यात, नाताळाला बारा दिवस राहिलेले,
पेर्पेतकडे पेराद जमेना.
तांब्याचं भाण चुलीवर, त्यात लाकडी डाव
दहा वाजल्यापासून फिरतोय.
बशीवर थेंब टाकावा तर पळतो.
"दिष्ट," ती म्हणते, आणि तिरक्या नजरेनं
समोरच्या रेजिनाच्या खिडकीकडे बघते.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मला दिष्ट दिसत नाही,
मला दिसते परवाची टोपली:
पिवळी, वासानं घर भरून टाकणारी फळं,
अंगठा ठेवला की आत जाणारी.

पेर्पेत, ऐक. कच्च्या पेरूत पेशी-पेशींच्या मध्ये
चुना असतो, दगडाला दगड धरून ठेवणारा.
पेक्टिन म्हणतात. लांबच लांब साखळ्या.
फळ पिकू लागलं की दोन विकरं येतात, गडी म्हण.
पहिला कड्यांवरच्या मिथिलच्या टोप्या उतरवतो.
दुसरा उघड्या डोक्यांवर कामाला लागतो.

या दुसऱ्याची घडण बघ:
प्रथिनाचा एकच धागा, उजवीकडे वळत वळत
दहा वेढे,
आपल्या चर्चच्या घंटेकडे जिना जातो तसा.
जिन्याच्या कुशीला एक खाच.
साखळी त्या खाचेत बरोब्बर निजते.
तळाशी दोन-तीन आम्लं, दबा धरून,
आणि पाण्याचा एक कण.
बस. सुरी नाही, दात नाही.
पाणी दुव्यात शिरतं, दुवा सुटतो,
जिना होता तसाच, पुढच्या साखळीसाठी मोकळा.

"उकळल्यावर मरत नाही तो?"
मरतो. सकाळीच मेला.
पण कापलेलं कापलेलंच राहतं.
लिंबू पिळलंस, साखर ओतलीस,
आता साखळ्यांनी एकमेकींना धरायचं,
आणि धरायला पुरेल एवढी लांबीच उरलेली नाही.

ती डाव थांबवत नाही. थांबवला की करपतं.
"एवढं शिकलीस, आता करू काय ते सांग."

ते मला सांगता येईना.

मागच्या दारानं फिलू आली, तिची जाऊ,
ओच्यात पाच हिरवे कडक पेरू, आत्ता झाडावरनं ओढलेले.
कुणाला न विचारता चिरले, शिजवले, गाळले, ओतले.
चार वाजता थेंब बशीवर थांबला.

चाळणीतल्या बिया पेर्पेतनं केळीखाली फेकल्या.
त्यांच्यासाठीच तर होतं ते सगळं, मऊ होणं,
वटवाघळाच्या दाताला सोपं जाणं.
आम्ही मध्येच साखर घेऊन आलो.