अस्तर

आषाढ सरला तरी घाटाकडून गारठा येतोच आहे.
चार दिवस सिंहगड दिसलेला नाही,
दोरीवरचे पंचे आंबूस वास धरून बसलेत,
आणि मंगळवारी अकराला मला हजर व्हायचंय
शिवाजीनगरला, फॅमिली कोर्टात,
कोरडी.
आणि जमलंच तर देखणी.

आमच्याकडचा या दिवसांतला पाऊस धड पडतही नाही,
भुरभुरत छत्रीच्या खालून येतो,
चष्म्यावर बसतो, बाहीत शिरतो.
त्यात स्कूटरवरची बाई कशी दिसते ते सगळ्यांना ठाऊक आहे:
सिग्नलला उभी असते तेव्हा
ताडपत्री घातलेला टेम्पोच जणू.
सतरा वर्षं मी तशी दिसले,
त्याचा जुना रेनकोट, बाह्या दोनदा दुमडून.
‘पावसात तुला कोण बघतंय?’ तो म्हणायचा.
खरंच, कुणी बघत नसे.

बोहरी आळीत हातिमभाईंनी ठाण उलगडलं,
वांगी रंगाचं. माझ्यासमोर
पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं,
अळूच्या पानावरून जावं तसं ते घरंगळलं
थेट त्यांच्या वहीवर.
‘कुणासाठी?’
माझ्यासाठी.
‘मग अडीच मीटर घ्या. कंजूषी नको.
कमरेला पट्टा येऊ द्या.’

कसब्यात जिन्याखाली नंदा ढमढेरेचं मशीन.
तोंडात टाचण्या धरून ती बोलते, मला सवय आहे.
‘कापडातून पाणी येत नाही ताई,
टाक्यांतून येतं.’
मग प्रत्येक शिलाईवर मेणबत्ती घासत बसली,
देवाच्या भांड्यांना चिंच लावावी
तितक्या निगुतीने.

अस्तराला मी साडी नेली होती.
पहिल्या पगाराची नारायणपेठी, हळदीपिवळी, लाल काठ.
दोनदा नेसले असेन. भडक दिसते, असं ठरलं होतं घरात.
नंदाने ती उजेडात धरली.
‘कापू?’
काप म्हटलं.
कात्री चालताना मी रस्त्याकडे बघत राहिले,
तिथे एक म्हैस निवांत भिजत होती.

मंगळवारी रबरी बूट पायात, चांगले पिशवीत.
केस घट्ट वर बांधलेले, कॉलर उभी.
तिसऱ्या रिक्षावाल्याने वळून विचारलं,
‘मॅडम, शूटिंग आहे काय?’
वीस रुपये जास्तीचे घेतले तरी मला तो आवडला.

कोर्टाच्या व्हरांड्यात सगळं पुणं ठिबकत होतं.
वकिलांचे काळे कोट, प्लास्टिकमधल्या फायली,
कुणाचं तरी पोर, ओल्या मोज्यांत.
तो आला,
तोच रेनकोट, काखेत उसवलेला,
बाह्यांना माझ्या दुमडींच्या रेघा अजून तशाच.
केस कपाळाला चिकटलेले. शिंकला.
‘नवीन?’
हो.
आत उकडत होतं म्हणून मी बटणं सोडली.
पिवळं एकदम बाहेर आलं, लाल काठासकट,
बाकावरच्या दोघी-तिघींनी मान वळवली,
आणि त्यानेही. पण साडी त्याला ओळखता आली नाही.

पर्समध्ये घडीचा रुमाल होता.
रात्री इस्त्री करून ठेवलेला, माझ्यासाठी,
लागेल म्हणून.
लागला नाही. मी त्याला दिला,
तोंड पुसायला.

न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख अकरा सप्टेंबर.

घरी येऊन कोट खुंटीला लावला
तेव्हा दिसलं, डाव्या खांद्याखाली आतून
रुपयाएवढा ओला डाग.
बोट ठेवून पाहिलं. गार.
नंदाला सांगायला हवं, एक टाका राहिलाय.
सप्टेंबरातही असतोच पाऊस.