विषयांतर

प्रज्योत धकाते, दहावी ब, पाचपावली.
निबंध: माझ्या शहरातला उन्हाळा.
दोन पानं, एकच परिच्छेद,
श्वास घ्यायलाही कुठे पायरी नाही.

पहिल्याच ओळीत सत्तेचाळीस डिग्री,
मग कैरीचं पन्हं, मग आत्याचं लग्न,
मग कमाल चौकात वितळलेलं डांबर
आणि त्यात रुतून बसलेली
कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.

मी कात्री काढली.
वाक्यं कापून फरशीवर मांडली,
प्रास्ताविक टीव्हीखाली, समारोप दाराकडे,
मधला विस्तार चटईवर.
चिठ्ठ्या उडतात म्हणून कूलर बंद केला.
दोघंही घामाघूम.

"आता सांग, कोणामागे कोण?"
तो उकिडवा बसला,
सोंगट्या सरकवाव्या तशी वाक्यं सरकवत राहिला.
एक पट्टी मीच उचलली:
‘माझे बाबा मे महिन्यात घरी जेवत नाहीत.’

"हे विषयांतर."
"काऊन मॅडम?"
"निबंध उन्हाळ्यावर आहे. बाबांवर नाही."
त्याने मान हलवली.
बत्तीस वर्षं मुलं अशीच
मान हलवत आली आहेत माझ्यापुढे.

दिवेलागणीनंतर केर काढू नये म्हणतात.
काढला.
ती पट्टी झाडूला चिकटून आली.
धकात्यांचं दुकान मला माहीत आहे.
बाहेर पत्र्याचे कूलर पाठमोरे उभे,
आत खसच्या ताट्या ठोकत बसलेला माणूस,
शेजारी स्टुलावर न उघडलेला डबा.
माझा कूलर तिथलाच.
आवाज करतो म्हणून मागच्याच आठवड्यात
भर दुपारी दोनला बोलावून घेतलं होतं त्यांना.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं,
ही ओळ पहिली घे.
लाल पेनाने वर एकचा आकडाही घातला.

"पयली नाही, मॅडम."
प्रज्योत पट्ट्यांवरून बोट फिरवत होता.
"पयले टाकी. मग पंप, मग नळी,
मग खस भिजते पुरी.
पंखा त्याच्या मागून फिरते.
हवा शेवटीच लागते ना माणसाले."

त्याने पट्टी उचलली,
दाराकडे नेऊन ठेवली,
माझा लाल एक तसाच राहू दिला.
वर वजन म्हणून माझा चष्मा.

मग विचारलं,
"आता लावू का कूलर?"