समुद्रसपाटी

इंदूरला बंदर आहे म्हटलं की लोक हसतात.
आहे की. पिथमपूरच्या वाटेवर,
तारेचं कुंपण, वजनकाटा, चहाची टपरी,
आणि कागदोपत्री नाव, सुकं बंदर.
मी तिथे अकरा वर्षं डब्यांची सीलं तपासते.

समुद्र पाहिलेला नाही मी.
त्याची बिलं पाहिली आहेत.

वादळ आलं तेव्हा कच्छहून हासम सुमराचा फोन :
बेन, गाड्या थांबवा. क्रेनी बांधल्यात,
अडेल म्हशी बांधाव्यात तशा, चारी पायांनी.
सोयापेंडीचे चाळीस डबे
नऊ दिवस आमच्या अंगणात.
वास पार पोह्यांच्या गाडीपर्यंत.

मग एक रिकामा डबा परत आला
अंगावर चिखलाची रेघ घेऊन,
सुतारानं सूत मारावं इतकी सरळ.
टेप लावली. माझ्या कमरेला.
भेरूलाल हमाल म्हणाला, मागच्या खेपेला
गुडघ्याशी होती, भिया शपथ.

हासम सांगतो, विजेची खोली
आता खांबांवर चढवली आहे.
धक्का दीड हात उचलला,
त्यामुळे दोर बांधायचे जुने खुंटे
कमरेचे पोटरीएवढे उरलेत,
वाकून वाकून पाठ जाते.
आणि खाडीच्या तोंडाशी, जिथली तिवरं
त्याच्या बापानंच रोजंदारीवर तोडली होती
(तो त्यांना चेर म्हणतो)
तिथेच त्याचा पोरगा रोपं लावतोय,
रोजंदारीवर.
किती वर्षांत वाढतात, मी विचारलं.
पाण्याला विचारा बेन, घाई त्याला आहे.

रात्री भाच्याला आणायला स्टेशनवर गेले.
पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, बारीक अक्षरांत
समुद्रसपाटीपासून उंची :
साडेपाचशे मीटर आणि वर काही दशांश.
इतकी वर्षं पाहून न पाहिलेली ओळ.
म्हणजे कुठेतरी एक पाणी
हलणार नाही असं धरून
आपण ही सगळी गावं मोजली.
तेच चढलं तर
पाटी रंगवायला कोण येणार?
दीड हात वजा करू लागले बोटांवर,
तेवढ्यात गाडी लागली, भाचा उतरला,
म्हणाला, मावशी, भूक.

सकाळी डब्यांच्या वहीत
सील, वजन, गाडी नंबर यांच्या पुढे
पट्टीनं एक नवा रकाना आखला : रेघ.
साहेब म्हणाले, हा कशाला?
म्हटलं, असू द्या.
एकच तर भरलाय अजून.